ब्रास बँडच्या तीन याद्या: इंग्लंडची, जर्मनीची आणि आपली. खरी कोणती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका माध्यमिक शाळेत संगीत शिकवणाऱ्या सरांना चोवीस मुलांचा बँड उभा करायचा आहे. परदेशात स्थायिक झालेले दोन माजी विद्यार्थी जुनी पण चांगली वाद्यं पाठवायला तयार आहेत. लीड्सच्या विद्यार्थ्याने पंचवीस पितळी वाद्यांची यादी पाठवली. तिच्यात ट्रम्पेट नाही आणि क्लॅरिनेटही नाही. म्युनिकच्या विद्यार्थ्याच्या यादीत फ्लुगलहॉर्न (ट्रम्पेटसारखंच, पण रुंद नळीचं आणि मऊ नादाचं), ‘टेनोरहॉर्न’ आणि क्लॅरिनेट आहेत. गावातल्या बँडमास्तरांनी क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, युफोनियम (मोठ्या भोंग्याचं, खालच्या सुरात गाणारं पितळी वाद्य) आणि ढोल-ताशे लिहून दिले. यातली खऱ्या ब्रास बँडची यादी कोणती, असं सर विचारतात.

सर, तिन्ही खऱ्या आहेत. मात्र तिन्ही एकत्र करून एक बँड केलात तर तो सुरात लागणार नाही. मी सैन्याच्या बँडमध्ये बावीस वर्षं युफोनियम वाजवला, पचमढीला सैन्याच्या संगीत शाळेत शिकलो, आणि निवृत्तीनंतर शाळांचे बँड बसवतो, वाद्यांचे पोचे काढतो, डाग देतो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. बँडमध्ये कोणतं वाद्य असावं हे पुस्तक ठरवत नाही. बँड चालत वाजतो की बसून, सगळे एकच चाल वाजवतात की वेगवेगळे सूर धरतात, आणि वाद्य बिघडलं तर ते जवळपास कोण दुरुस्त करतं, या तीन गोष्टी ते ठरवतात. म्हणून आधी प्रत्येक यादी कुठून आली ते सांगतो, मग तुमच्या चोवीस मुलांकडे येतो.

लीड्सची यादी उत्तर इंग्लंडच्या गिरण्यांची आणि कोळसा खाणींची आहे. लीड्सपासून फार लांब नसलेल्या क्वीन्सबरी गावात १८५५ साली कापड गिरणीचा ब्लॅक डाइक मिल्स बँड उभा राहिला. तो आजही जगातल्या पहिल्या फळीत आहे. त्याच्या दोन वर्षं आधी, १८५३ मध्ये, मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेत बँडच्या मोठ्या स्पर्धा सुरू झाल्या होत्या. या स्पर्धांनी यादी बांधून टाकली. एक ई-फ्लॅट सोप्रानो कॉर्नेट (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचं आखूड भावंड; ई-फ्लॅट, बी-फ्लॅट हे वाद्यांचे मूळ सूर), नऊ बी-फ्लॅट कॉर्नेट, एक फ्लुगलहॉर्न, तीन ई-फ्लॅट टेनर हॉर्न, दोन बॅरिटोन, दोन युफोनियम, तीन ट्रॉम्बोन, दोन ई-फ्लॅट बेस (म्हणजे ट्युबा) आणि दोन बी-फ्लॅट बेस. मोजून पंचवीस. ट्रम्पेटला जागा नाही, फ्रेंच हॉर्नला नाही, लाकडी वाद्यांना तर नाहीच. आपल्याला नवल वाटेल, पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तिथल्या मोठ्या स्पर्धांमध्ये ढोल वाजवायलाही परवानगी नव्हती.

या यादीमागे मोठं शहाणपण आहे आणि शाळेच्या दृष्टीने तेच सर्वांत मोलाचं. बेल्जियमच्या अडोल्फ सॅक्सने १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये लहानापासून मोठ्यापर्यंत एकाच घडणीच्या वाद्यांचं कुटुंब तयार केलं. इंग्लंडच्या डिस्टिन कुटुंबाने ती वाद्यं पाहिली, घेतली आणि गावोगाव वाजवून दाखवली. टेनर हॉर्न, बॅरिटोन, बेस यांची पाळंमुळं त्या कुटुंबात आहेत. सरकत्या नळीचे ट्रॉम्बोन सोडले तर सगळ्यांना तीन-चार पिस्टन, म्हणजे बोटाने दाबायच्या झडपा, आणि शेवटचा बेस ट्रॉम्बोन सोडला तर सगळ्यांची स्वरलिपी एकाच, म्हणजे ट्रेबल क्लेफमध्ये. कागदावर ‘सा’ची खूण दिसली की कॉर्नेटवाला आणि अठरा फूट नळीचा बी-फ्लॅट बेसवाला दोघंही बोटं सारखीच ठेवतात. ऐकू येणारा सूर मात्र ज्याच्या त्याच्या वाद्याचा. याचा फायदा असा की बारा तास गिरणीत राबून आलेल्या माणसाला एकदा शिकवलं की त्याला कोणत्याही खुर्चीवर बसवता येई. बेसवाला आजारी पडला तर टेनर हॉर्नवाला उठून तिथे बसला. एक मास्तर सगळ्या बँडला एका फळ्यावर शिकवू शकतो. ज्या शाळेत संगीताचे सर एकच आहेत, तिथे यापेक्षा सोयीची रचना मी पाहिलेली नाही.

नादही वेगळा. कॉर्नेटची नळी शंकूसारखी रुंदावत जाते, ट्रम्पेटची बराच वेळ सरळ राहते. त्यामुळे ट्रम्पेटचा सूर चिरत जातो आणि कॉर्नेटचा पसरतो. पंचवीस जण बसून वाजवतात तेव्हा तो नाद ऑर्गनसारखा भरलेला लागतो. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेने १८७८ पासून हाच नाद रस्त्यावर नेला, थोडा बदल करून. त्यांच्याकडे कॉर्नेटच्या ओळींची नावं आणि वाटणी निराळी आहे, म्हणून त्यांचे स्वरलिपीचे छापील कागद आणि स्पर्धेच्या बँडचे कागद एकमेकांना तंतोतंत बसत नाहीत. लीड्सहून कागदही येणार असतील तर हे लक्षात असू द्या.

आता धोक्याची गोष्ट. इथे मी स्वतः पोळलो आहे.

इंग्लंडमध्ये ‘टेनर हॉर्न’ म्हणजे ई-फ्लॅट वाद्य, आपल्या बाजाच्या पेटीवर काळी दोन. त्याची नळी साधारण साडेसहा फूट. जर्मनीत ‘टेनोरहॉर्न’ म्हणजे बी-फ्लॅट वाद्य, काळी पाच, नळी नऊ फूट. ते इंग्लंडच्या ‘बॅरिटोन’ला जवळचं. आणि जर्मनीत ज्याला ‘बॅरिटोन’ म्हणतात ते बरंचसं इंग्लंडच्या युफोनियमसारखं असतं. अमेरिकेत इंग्लंडच्या टेनर हॉर्नला ‘आल्टो हॉर्न’ म्हणतात आणि ‘बॅरिटोन’ हा शब्द कधी बॅरिटोनला, कधी युफोनियमला सर्रास लावतात. म्हणजे नाव तेच, वाद्य दुसरं.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या बँडला दोन देशांतून दान आलं. वाद्यांच्या खोक्यांवर सगळीकडे ‘टेनर’ लिहिलेलं होतं. मी कागद वाटले, मुलांनी बोटं बरोबर ठेवली, आणि पहिल्याच ओळीला दोन मुलं षड्जाच्या जागी खालचा पंचम वाजवू लागली. प्रत्येक सूर तेवढाच खाली. मुलांची काहीच चूक नव्हती. ई-फ्लॅटचा कागद बी-फ्लॅट वाद्यावर वाजवला की हेच होणार. त्या दोघांचे सगळे कागद मला हाताने पुन्हा लिहावे लागले, आणि तोवर ती दोघं आठवडाभर आपल्यालाच काही येत नाही असं समजून मान खाली घालून बसायची. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून मी कधीही नुसतं नाव लिहून वाद्य मागवत नाही. नावापुढे सूर लिहितो: ‘ई-फ्लॅट’ किंवा ‘बी-फ्लॅट’.

म्युनिकच्या यादीत दुसरी अडचण आहे ती झडपांची. वाऱ्याच्या वाद्याला झडप बसवण्याचं पेटंट श्ट्योल्त्सेल आणि ब्ल्युमेल यांनी १८१८ साली प्रशियात घेतलं. पुढे दोन वाटा फुटल्या. व्हिएन्नात योझेफ रीडलने १८३५ मध्ये फिरती झडप, म्हणजे रोटरी, आणली. पॅरिसमध्ये पेरिनेने १८३० च्या दशकाच्या शेवटी वरखाली होणारा पिस्टन आजच्या रूपाला आणला. पश्चिम युरोप आणि इंग्लंड पिस्टनच्या बाजूने गेले. जर्मनी, ऑस्ट्रिया, चेक प्रदेश आणि ऑस्ट्रियाच्या सावलीतला बाल्कन रोटरीच्या. जर्मन गावच्या बँडमध्ये चाल बहुतेक फ्लुगलहॉर्नवर असते. लांबट, अंड्याच्या आकाराचे टेनोरहॉर्न आणि बॅरिटोन तिच्याभोवती गुंफतात. ट्रम्पेट रंग भरतात. क्लॅरिनेट वरून नक्षी काढतात. गोड, गोलसर नाद. रोटरीच्या सुरावरून सुरावर जाण्यात जी मऊ घसरण आहे ती पिस्टनला साधत नाही. मी ते वाद्य हातात घेतलंय आणि परत द्यायला जिवावर आलं होतं.

पण रोटरीची झडप बिघडली की आपल्याकडे हात कमी पडतात. पिस्टन अडकला तर मी तो काढतो, पुसतो, तेल घालतो आणि मुलगा पाच मिनिटांत पुन्हा वाजवू लागतो. रोटरी उघडायला वेगळी हत्यारं आणि वेगळी सवय लागते. जर्मन क्लॅरिनेटचंही तसंच. तिथे ओहलर पद्धतीच्या चाव्या चालतात आणि जगात इतरत्र बहुतेक ठिकाणी बोहम पद्धतीच्या. बोटांची ठेवणच वेगळी. मुलाने एकावर शिकायचं आणि पुढे दुसरं हाती घ्यायचं म्हणजे पुन्हा पहिल्या इयत्तेत बसायचं.

मध्य युरोपाची हीच वाद्यं सर्बियात गेली आणि त्यांचा स्वभावच बदलला. क्रागुयेवात्स इथे १८३१ साली योसिफ श्लेसिंगरने राजाचा पहिला लष्करी बँड उभा केला. तिथून वाद्यं हळूहळू खेड्यांत झिरपली. आज गुचा गावात १९६१ पासून दर वर्षी भरणाऱ्या मेळ्यात जे ‘ट्रुबाची’ वाजवतात त्यांचा ताफा दहा-अकरा जणांचा असतो. चाल तीन-चार फ्लुगलहॉर्नवर; तीन-चार टेनर फक्त ठेक्याच्या मधल्या मात्रा धरतात; गळ्यात-खांद्यावर घातलेला हेलिकॉन खालचा सूर देतो; आणि एक मोठा ढोल. ट्रॉम्बोन सहसा नाही. लग्नाच्या मांडवात, माणसांच्या घोळक्यात, नाचणाऱ्यांच्या अगदी कानाशी वाजवायचं असतं. तिथे ट्रॉम्बोनची स्लाइड लांबवायला जागा कुठून आणायची? सर्बियाच्या पश्चिमेला दोन मात्रांचं सरळ ‘कोलो’ नाच-गाणं, तर दक्षिणेला व्रान्येच्या बाजूला सात-नऊ मात्रांचे वाकडे ताल. वाद्यं तीच, पण दक्षिणेचे ताफे ऐकताना मला आपल्या मिरवणुकीचा भास होतो.

नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये ‘फानफार’ नावाचा प्रकार आहे. त्यात फ्लुगलहॉर्नचा मोठा समूह आणि सोबत सॅक्सोफोन. त्यावर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण तुमच्या प्रश्नाला ते लागत नाही.

चालत वाजवणाऱ्यांचं उदाहरण घ्यायचं तर न्यू ऑर्लिन्सचं घ्या. तिथे आज रस्त्यावर दिसतात दोन-तीन ट्रम्पेट, दोन-तीन ट्रॉम्बोन, एखादा टेनर सॅक्सोफोन, एक सूसाफोन, एकाकडे स्नेअर आणि दुसऱ्याकडे बास ड्रम. बास ड्रमवर एक झांज बसवलेली असते आणि ती धातूच्या तारेने वाजवतात. मधली हॉर्न मंडळी तिथे जवळजवळ गळाली. सूसाफोन आणि दोन ढोल मिळून पाया घालतात, ट्रॉम्बोन त्यावर भांडतात, ट्रम्पेट गातात. सूसाफोन बेसच आहे, पण अंगाभोवती वळवून खांद्यावर घेतलेला. १८९० च्या दशकात जॉन फिलिप सूसाच्या सांगण्यावरून तो घडवला गेला. आधी त्याचं तोंड आकाशाकडे असायचं, नंतर पुढे वळवलं. तोंड कुठे आहे ही बारीकशी गोष्ट वाटते, पण अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या बँडचं बघा. त्यांच्या सॅक्सहॉर्नांची, म्हणजे सॅक्सच्या त्या कुटुंबातल्या वाद्यांची, तोंडं खांद्यावरून मागे वळलेली असत, कारण बँड पुढे आणि पलटण मागे. सूर मागच्या पलटणीच्या कानापर्यंत जावा म्हणून वाद्यच उलटं घडवलं. जागा वाद्याला घडवते याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

मेक्सिकोच्या सिनालोआ राज्यात क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि पिस्टनचे ट्रॉम्बोन, प्रत्येकी तीन-तीन. दोन-तीन आल्टो हॉर्न, त्यांना तिथे ‘चारचेता’ म्हणतात. एक सूसाफोन आणि ‘तांबोरा’ नावाचा झांज बसवलेला ढोल. जवळच्या साकातेकासमध्ये गेलात की क्लॅरिनेटच्या जागी सॅक्सोफोन येतात. आपल्याकडेही एका जिल्ह्यातून दुसऱ्यात गेलं की असंच होतं.

आता आपल्या यादीकडे येतो. ‘क्लॅरिनेट-सॅक्सोफोन असलेला तो ब्रास बँड कसला?’ असं लीड्सचा विद्यार्थी म्हणाला असेल तर त्याला सांगा की आपला बँड गिरणीतून आलेला नाही. तो पलटणीतून आणि संस्थानांच्या दरबारातून आला. ब्रिटिश पलटणींच्या बँडमध्ये लाकडी वाद्यं होतीच. आजही आपल्या सैन्याच्या बँडमध्ये एक बँडमास्तर आणि तेहतीस वादक असतात, त्यात क्लॅरिनेट असतात, आणि सरकारी भाषेत त्याला ‘मिलिटरी ब्रास बँड’च म्हणतात. पलटणीतून निवृत्त झालेले वादक गावोगाव पोचले, जुनी वाद्यं विकली गेली, आणि लग्नाचे बँड उभे राहिले. मेरठच्या जाली कोठी भागात पितळी वाद्यांचे जे कारखाने आहेत त्यांची सुरुवातही अशीच. नादिर अली हे स्वतः सैन्याचे बँडमास्तर. त्यांची पेढी १८८५ ची. आपल्या महाराष्ट्रातल्या कितीतरी बँडवाल्यांच्या हातातला युफोनियम तिकडचा असतो.

संस्थानांनी आपापले रंग भरले. म्हैसूरच्या राजवाड्यात पाश्चात्त्य बँड होता आणि कर्नाटक संगीत वाजवणारा बँडही. त्या राजवाड्याच्या बँडमधला सॅक्सोफोन ऐकून कद्री गोपालनाथांना त्या वाद्याचं वेड लागलं आणि त्यांनी तो कर्नाटक संगीताच्या मैफलीत नेऊन बसवला. तामिळ देशात क्लॅरिनेटचं असंच झालं, ए. के. सी. नटराजन यांचं क्लॅरिनेट ऐका, गमक असं येतं की वाद्य बाहेरून आलंय हे विसरायला होतं. मैहरला अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी अनाथ मुलांना घेऊन बँड उभा केला आणि बंदुकीच्या नळ्या कापून त्यांचं नलतरंग केलं. मी बँड बसवताना मुलांना ही गोष्ट हमखास सांगतो.

पण मूळ फरक वाद्यांचा नाही, संगीताचा आहे. इंग्लंडच्या बँडमध्ये पंचवीस जण चार-पाच वेगळे सूर एकाच वेळी धरतात, म्हणून मधल्या हॉर्नांना काम असतं. आपलं संगीत एका धाग्याचं. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ वाजवताना ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट चाल घेतात आणि युफोनियम तीच चाल एक सप्तक खाली घेतो. म्हणून आपल्याकडे युफोनियम टिकला, कारण तो गाऊ शकतो. टेनर हॉर्न आणि बॅरिटोन गेले, कारण नुसता मधला सूर धरून उभं राहणारा माणूस आपल्या मालकाला बिनकामाचा वाटतो. जो भरणा तिकडे हॉर्नांत आहे तो आपण तालात घातला: साइड ड्रम, ढोल, ताशा, झांज, खुळखुळे. याला मी कमतरता मानत नाही. पुण्यात विसर्जनाच्या दिवशी प्रभात किंवा दरबारसारखा बँड पुढे उभा राहून नाट्यगीत किंवा भक्तिगीत वाजवतो तेव्हा त्या एका धाग्याची ताकद कळते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना शब्द आठवत असतात आणि वाद्य ते शब्द म्हणत असतं. इंग्लंडच्या बँडला हे मागा, त्याला जमणार नाही.

महाराष्ट्रातसुद्धा एक यादी नाही. मुंबई आणि कोकणात बेंजो पार्टीने जागा घेतली. तिथे विजेवर चालणारा बेंजो चाल धरतो आणि पितळी वाद्य असलंच तर एखादंच. खानदेशात बँड म्हणजे गाडीवर स्पीकर, कीबोर्ड, गायक आणि भोवती वादक. घाटावरच्या जुन्या बँडांत अजून क्लॅरिनेटचा मान आहे. आणि गोव्यात वेगळंच. तिथे चर्चच्या शाळांमधून पिढ्यान् पिढ्या स्वरलिपी शिकवली गेली, चार ओळींत गायची सवय लागली. म्हणून फेस्ताला किंवा अंत्ययात्रेला वाजणाऱ्या गावच्या बँडमध्ये वरची-खालची ओळ वेगळी ऐकू येते. सावंतवाडीकडून गोव्यात उतरताना मी हा फरक कितीदा कानांनी टिपला आहे. इथे सगळे चाल वाजवतात, तिथे कोणीतरी एक ट्रॉम्बोन घेऊन चालीच्या विरुद्ध दिशेने चालत असतो. तेच गोमंतकीय वादक मुंबईच्या पोलीस बँडांत, संस्थानांत आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले.

मला खंत आहे ती एकाच गोष्टीची: स्पीकरची गाडी आल्यापासून खालचा सूर माणसाच्या फुप्फुसातून यायचा थांबला. बेसवाला घरी बसला. त्याची कला शिकायला आता पोरगं येत नाही, आणि एकदा ती ओळ तुटली की पुन्हा जोडायला एक पिढी जाते. तुमच्या शाळेत बेस असावा असा माझा आग्रह आहे तो यासाठी.

आता तुमची चोवीस मुलं. ती प्रभातफेरीत चालणार आणि स्नेहसंमेलनात बसून वाजवणार, म्हणजे दोन्ही लागेल. राष्ट्रगीत सुरेल वाजायला हवं, म्हणजे मधले सूर लागतील. आणि भक्तिगीतं-समरगीतंही हवीत, म्हणजे गाणारं वाद्य लागेल. मी पाया फिनलंडचा घेईन. तिथे छोट्या गावांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सात जणांचा पितळी बँड रूढ झाला: एक ई-फ्लॅट कॉर्नेट, दोन बी-फ्लॅट कॉर्नेट, एक ई-फ्लॅट आल्टो, एक टेनर, एक बॅरिटोन, एक ट्युबा. सात माणसांत पुरा नाद. सिबेलियससारख्या संगीतकाराने तरुणपणी या सातांसाठी लिहिलं. चोवीस मुलांत हे सात आवाज दुहेरी-तिहेरी वाटले की एखादं मूल गैरहजर राहिलं तरी ओळ रिकामी पडत नाही. शाळेत हा प्रश्न रोजचा असतो.

म्हणून सात कॉर्नेट, सगळे बी-फ्लॅट. सोप्रानो कॉर्नेट मुलांना देऊ नका, त्याचा वरचा सूर लहान ओठांना झेपत नाही. ई-फ्लॅट टेनर हॉर्न तीन, बी-फ्लॅट बॅरिटोन दोन, युफोनियम दोन, ट्रॉम्बोन दोन, ई-फ्लॅट बेस एक आणि चालताना घेण्यासाठी एक सूसाफोन. साइड ड्रम तीन, बास ड्रम एक, झांज एक. ही झाली तेवीस, आणि चोविसावं मूल पुढे दंड घेऊन चालेल. ते काम सगळ्यात धिटाई असलेल्या मुलीला द्या. क्लॅरिनेट दोन वर्षांनी आणा. लहान बोटांनी त्याची भोकं झाकली जात नाहीत आणि फुंकायच्या तोंडाला लावायच्या वेताच्या पट्ट्या (रीड) सांभाळण्यात वर्ष जातं. गावच्या बँडमास्तरांना मात्र आत्ताच बोलवा. ताशा आणि ढोलाचे बोल त्यांच्याकडूनच शिकवून घ्या. ते इंग्लंडच्या कोणत्याही कागदावर लिहिलेलं नाही.

लीड्सच्या विद्यार्थ्याला सांगा, वाद्य १९६० च्या दशकानंतरचंच पाठव. त्याआधी इंग्लंडचे ब्रास बँड चढ्या पट्टीत वाजायचे. आजचा ‘ध’ (पेटीवरची पांढरी सहा) ४४० कंपनांचा, त्यांचा सुमारे ४५२. जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराने चढा. काळी पाच म्हणून वाजवलेला सूर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्ये अडकतो आणि कोणत्याच बाजाच्या पेटीला जुळत नाही. कॉर्नेटची मुख्य स्लाइड दोन सेंटिमीटर ओढून तो उतरवता येतो, पण मग प्रत्येक पिस्टनची स्लाइडही त्या प्रमाणात ओढावी लागते आणि मूल प्रत्येक सुरावर चाचपडत राहतं. म्युनिकच्या विद्यार्थ्याकडून रोटरी वाद्यं घेऊ नका; त्याचं मन मोडायचं नसेल तर ढोल आणि नोटा ठेवायचे स्टँड मागा, त्यांना देश नसतो. सूसाफोन मेरठचा घ्या. पंधरा किलोच्या आसपासचं ओझं आहे, तेव्हा बोटीने मागवण्यात अर्थ नाही, आणि पोचा पडला तर आपल्याकडे निघतो.

वाद्यांची खोकी आली की मुलांच्या हाती देण्याआधी प्रत्येक वाद्य कोमट पाण्याने धुवा, पिस्टनला तेल घाला, आणि एकही झडप न दाबता ‘सा’चा एक मोकळा सूर वाजवून मोबाईलच्या ट्यूनरवर बघा. कॉर्नेट, बॅरिटोन, युफोनियम आणि ट्रॉम्बोन काळी पाचला लागले पाहिजेत, टेनर हॉर्न आणि ई-फ्लॅट बेस काळी दोनला. जे लागणार नाही त्याच्या खोक्याला लाल दोरा बांधून बाजूला ठेवा. त्यांचं काय करायचं ते मी येऊन बघतो.